रंगाऱ्याच्या कानातला तंतू

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला मज्जातंतू आहे. माझे घर एका रंगाऱ्याच्या उजव्या कानात, पार आत. तिथे बारीक लव असलेली एक पेशी आहे. तिच्याभोवती मी पेल्यासारखा घट्ट बसलेला असे. मालकाने मान कलवली की लव वाकायची, पेशी मला सांगायची आणि मी मेंदूला निरोप द्यायचो, "तोल जातोय, सावर." मालक जन्मण्याआधीच आमचे सूत जुळले होते.

काय दिवस होते! शिडीवर चढून, मान मागे टाकून मालक छत रंगवायचा. खाली शिडी धरून लेक म्हणायची, "बाबा, जपून हं!"

"अगं, माझा तोल कधी गेलाय का?" तो ऐटीत म्हणायचा. कौतुक सगळे त्याच्या पायांचे. माझे नावही कुणाला ठाऊक नव्हते.

पुढे जुना रंग खरवडायचे यंत्र आले. आवाज कानठळ्या बसवणारा. लेकीने कानांवर लावायची जाड झाकणे आणून दिली, ती मालकाने गळ्यात अडकवली. गिलावा पोकळ आहे का, हे तो भिंतीवर टिचकी मारून ऐकायचा. दर दोन मिनिटांनी यंत्र थांबवून टिचकी, पुन्हा यंत्र. झाकणे काढ-घाल करायचा त्याला कंटाळा. अशी बारा वर्षे गेली.

त्या गोंगाटात मी पेशीपासून हळूहळू सुटत गेलो. दुखले नाही, म्हणून मी बोंब मारली नाही. याची मला आजही लाज वाटते. मालक अंधाऱ्या जिन्यात भिंत धरून चालू लागला, पण लेकीला त्याने पत्ता लागू दिला नाही.

एका दुपारी छताचा कोपरा रंगवताना त्याने मान मागे टाकली. पेशीने हाक मारली, ती माझ्यापर्यंत आलीच नाही. मालक कोसळला तो थेट लेकीच्या अंगावर. त्याला नुसते खरचटले. तिचे उजवे मनगट मोडले.

"मला सांगायचं तरी होतं ना, बाबा," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, गोंगाटात कान झाका. तोल जाऊ लागला तर घरच्यांपासून लपवू नका. आम्ही एकदा सुटलो की पुन्हा जोडून देणारे औषध मालकाला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडेही नव्हते.

लेकीचे मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून ती आता डाव्या हाताने भिंतीवर रंगाची रेघ ओढायला शिकते आहे. काल तिने विचारले, "वाकडी आली का हो?"

"छे, सरळ आहे," मालक म्हणाला. जन्मभर रेघेत केसाएवढा फरक खपवून न घेणारा माणूस तो. रेघ चांगली बोटभर वाकडी होती.