पारूचं पाऊल

मित्रांनो, उंबऱ्यावर पाय देऊ नये असं तुम्हाला घरी शिकवलं असेल. मी एक जुना सागवानी उंबरा आहे, आणि मुळशीच्या तळ्याकाठी एका हॉटेलात वर्षानुवर्षं बुटांखाली आहे.

मूळचा मी सगुणाबाईच्या घरचा. तिची पारू पहिल्यांदा मला ओलांडून अंगणात गेली, तेव्हा रीतीप्रमाणे माझ्यावर गूळ ठेवला गेला. बापाने हौसेने विळ्याच्या टोकाने तिचं इवलंसं पाऊल माझ्यावर कोरलं. पुढे धरण भरलं, गाव पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी पारू तापाने गेली. घराची लाकडं ठेकेदाराने उचलली आणि मी हॉटेलाच्या दारात येऊन बसलो. तिथल्या साहेबाने मला तपकिरी रंगाचे जाड थर फासले, त्यात पाऊल बुजून गेलं. सगुणाबाई त्याच हॉटेलात झाडलोटीला लागली. रोज मला पुसायची, पण ओळखायची नाही. मला तोंड असतं तर!

१९६१ साली नव्या मालकांनी हॉटेलाला जुनं रूप द्यायचं काढलं. कुशाबा सुताराने माझा रंग खरवडला. आतला सागवान पाहून मालक हरखले. "आता नुसतं पॉलिश. पाहुण्यांना मूळचं लाकूड दिसू दे," म्हणाले. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी सकाळी, पॉलिश व्हायच्या आधीच, म्हातारी सगुणाबाई फडकं घेऊन आली आणि मटकन खाली बसली. "माज्या पारूचं पाऊल हाय हे! माज्या घरचा उंबरा हाय ह्यो!"

तिने धावत जाऊन हळदकुंकू आणलं, ओल्या हळदीची बोटं माझ्यावर ओढली, पावलावर गुळाचा खडा ठेवला. हरवलेला उंबरा सापडल्यावर बाईने दुसरं करायचं तरी काय?

कोऱ्या लाकडात हळद मुरली. पुसली तरी जाईना. मालक तडकले. "सगळा विचका केलास! कुशाबा, रंधा मार."

"पाया पडते मालक, पाऊल तेवडं ऱ्हाऊ द्या."

"पाऊल कसलं? ओरखडे आहेत ते. मार रंधा!"

कुशाबाने मान खाली घातली आणि रंधा ओढला. पिवळी सालपटं निघाली. सगुणाबाई ती पदरात भरू लागली, तर मालक ओरडले, "बंबात घाल ती. पाहुण्यांचं पाणी तापायचंय."

तिने स्वतःच्या हाताने ती बंबात घातली.

आता मी लख्ख आहे. पाहुणे वाकून बघतात, अस्सल जुना म्हणतात. सगुणाबाई मागच्या दाराने येते-जाते. मित्रांनो, जुन्या वस्तूवरची खूण पुसण्याआधी ती कुणाची, एवढं तरी विचारत जा. माझ्यावर मात्र आता खुशाल पाय द्या. जपण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही.