खुर्चीभोवतीची जमीन

धोंडिरामनं आबा हवालदारांचा डावा गाल उरकून उजव्याला साबण लावला, तेवढ्यात डोक्यावरचं छप्पर हललं.

"आरं, मी हाय आत," आबा म्हणाले.

"आवं, बसा की तुमी. निस्तं वर उचलायचं हाय," छप्पर हलवायला आलेला धुळा बाहेरून ओरडला.

आष्ट्याच्या स्टँडलगतची ही जागा नगरपालिकेची. तिच्यावर धोंडिरामचं केशकर्तनालय, म्हणजे उसाच्या पाल्याचं छप्पर, एक आरसा आणि एक जड शिसवी खुर्ची. भाडेपट्टा संपला होता. दरवेळी मुदत वाढायची, तशी याही वेळी वाढेल म्हणून गडी निवांत राहिला. आता नगरपालिकेचे कारकून बाळासो छत्री घेऊन समोर उभे होते. दिवस मावळायच्या आत जागा मोकळी करून दिली नाही, तर सगळं सामान जप्त. नवी जागा मिळाली होती ती गिरणीमागं, ओढ्याकडेला. तिथं दाढी करायला म्हशीच येणार, असं येसूबाई नवऱ्याला सकाळपासून ऐकवत होती, आणि मनातून त्यालाही तीच धास्ती होती.

छप्पर न मोडता उचलून न्यायची तिकडं रीत आहे. मेढी, म्हणजे आधाराचे खांब, काढायच्या आणि माणसांनी आत शिरून वाशांना खांदा द्यायचा. आतल्यांना स्वतःच्या पायांपलीकडं काही दिसत नाही, म्हणून एकजण बाहेरून वाट सांगतो. ते काम धुळाकडं होतं.

छप्पर निघालं आणि आबा साबणासकट उन्हात उघडे पडले. पाल्याखाली सगळे आबांसारखेच पासष्टच्या लढाईनंतर पेन्शनीत निघालेले शिपाई. छप्पर रस्त्याच्या मधोमध आलं आणि समोरून तासगावची एसटी. वाट सांगायची सोडून धुळा ड्रायव्हरशी भांडायला लागला. आबांना राहवलं नाही. ते खुर्चीतूनच गरजले, "पीछे मुड! तेज चल!"

पाल्याखालचे सगळे पाय टाचेवर फिरले. छप्पर दिमाखात माघारी आलं आणि "थम" म्हटल्यावर जिथून निघालं होतं तिथंच, आबांच्या डोक्यावर, व्यवस्थित थांबलं.

"पोचलो का रं गिरणीमागं?" आतून कुणीतरी विचारलं.

"कशाचं पोचताय? हितं मी बसलोय," आबा अंधारातून म्हणाले.

बाळासोंनी छत्री मिटली. "धोंडिराम, मी हे काढायला आलोय. परत बसवायला नाही."

दुसऱ्या खेपेला आबांना बोलायची बंदी घातली. छप्पर एकदाचं गेलं. बाळासो जागा बघत फिरले आणि अडले. खुर्चीभोवती जमिनीत गोल चर पडला होता.

"हा खड्डा कसला? जागा सपाट करून द्यायचीय."

"खणलेला न्हाई सायेब. फिरून फिरून पडलाय."

लग्नाआधीपासून धोंडिराम याच खुर्चीभोवती फिरत गावाच्या दाढ्या करत होता. आता मात्र त्याला फार वाईट वाटलं. ते लपवायला तो घाईनं माती आणायला गेला. चर भरला. येसूबाईनं वर पाणी शिंपडलं.

"माती दाबायला धुमस आणा," बाळासो म्हणाले.

"धुमस कशाला? माझा उजवा गाल ऱ्हायलाय की," आबा म्हणाले.

धोंडिरामनं पुन्हा साबण लावला. वस्तरा चालवत तो ओल्या मातीवरून खुर्चीभोवती फिरला. आबा उठले, खुर्ची सामानाच्या गाडीत चढली. जागा सपाट झाली होती. मधोमध तेवढा पावलांचा गोल उमटला होता.

बाळासो त्याकडं बघत राहिले. मग स्वतःच्या वाढलेल्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "गिरणीमागं सकाळी कधी उघडणार?"

"तुमी कवाबी या सायेब, मी असतोच," धोंडिराम म्हणाला, आणि त्या गोलाला पाय न लावता कडेनं वळून गाडीमागं चालू लागला.