सासूच्या नावची पंचावन्न वर्षं

मिशनच्या आवारातल्या त्या ओळीत खोल्या अकरा आणि माणूस एकच, बायबलआजी. दवाखाना दुसऱ्यांच्या हाती गेला, नर्सा पांगल्या, परदेशी मिसबाई तर कधीच बोटीत बसून मायदेशी गेल्या आणि तिकडेच मातीआड झाल्या. आजीची दोन मुलं नि एक मुलगी आपापल्या संसारात अशी बुडालेली, की आईच्या तोंडात दात उरलेत की पडले हेही त्यांना ठाऊक नसावं. आजीनं कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. रोज सकाळी ती आपलं दार झाडी आणि शेजारच्या दहा कुलपांपुढचंही झाडून काढी.

वर्षाला एक पत्र मात्र यायचं, समुद्रापलीकडून. पोस्टमन त्या ओळीत यायचा तो तेवढ्यापुरताच. चर्चच्या पाळकबाई ते वाचून दाखवायच्या आणि उत्तरही लिहायच्या. पत्रावर नाव असायचं आजीच्या सासूचं.

त्याचं असं झालं होतं. दारोदार जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवणारी, अक्षरं शिकवणारी ती बायबलबाई. अशा प्रत्येक बाईला मिशनच्या संस्थेनं तिकडचं एकेक घर नेमून दिलेलं. त्या घरानं तिच्यासाठी प्रार्थना करायची, तिचा फोटो भिंतीवर लावायचा. सासू चोवीस वर्षं हिंडली आणि एका तापात गेली. तिला नेमलेल्या घरातली, तिकडची म्हातारी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला कळवायचा मिसबाईंना धीर होईना. त्यांनी सासूची पिशवी सुनेच्या खांद्याला अडकवली आणि पत्रं सासूच्याच नावानं चालू ठेवली. "थोडे दिवस जाऊ देत," म्हणाल्या. ते दिवस जाता जाता तिकडची म्हातारी गेली, तिची लेक गेली, आता नात लिहीत होती.

त्या दिवशी आजी उशीला खोळ घालत होती आणि दारात संस्थेचा इतिहासवाला उभा राहिला. चष्मेवाला, घामाघूम, बगलेत कागदांचा गठ्ठा.

"आजी, संस्थेचा दीडशे वर्षांचा इतिहास छापतोय. तुमच्यावर अख्खं पान आहे. पंचावन्न वर्षं सेवा! फक्त वय जुळत नाही. कागदांवरून तुम्ही एकशे पाच वर्षांच्या."

"मग? दिसत नाही का?"

"ऐंशीच्या दिसता."

"ब्याऐंशी. माझी दोन वर्षं खाऊ नकोस."

त्यानं पानावर छापायचा फोटो पुढे केला. आजीनं तो हातभर लांब धरला.

"ही बया! मरून एकोणपन्नास वर्षं झाली, अजून बघतेय बघ कशी. जसं काही भाजीत मीठ मीच जास्त टाकलं."

इतिहासवाल्यानं गठ्ठा खाली ठेवला. आजीनं सगळं सांगितलं. त्यानं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आजी, जन्मसाल चुकलं म्हणून खाली बारीक टीप टाकतो. पान तुमचंच राहील. नाहीतर त्या नातीला कळेल, की इतकी वर्षं त्यांच्या घरानं मेलेल्या बाईला पत्रं लिहिली. मग ती कशाला लिहील?"

आजीनं खोळ बाजूला ठेवून दाराकडे पाहिलं. बाहेर दहा कुलपं ओळीनं लोंबत होती. ते पत्र थांबलं तर पोस्टमनही इकडे वळणार नव्हता. पान फुकटात मिळत होतं, पत्रही राहत होतं. फक्त मान हलवायची होती.

"त्या बाईनं मला आयुष्यभर छळलं," शेवटी ती म्हणाली. "पण ती गेली तेव्हा तिकडे कोणी डोळ्याला पदर लावला नाही. मेल्यावरही तिला कामाला जुंपलंय तुम्ही. आणि चौसष्टाव्या वर्षी पिशवी खाली ठेवेपर्यंतची माझी एकतीस वर्षं? उन्हातान्हात पाय माझे भाजले, कुत्री माझ्या अंगावर आली, तोंडावर दारं माझ्या आपटली. ते सगळं तिला आंदण देऊ? दोन बाया लिही. चोवीस तिची, एकतीस माझी."

"आणि पत्र?"

"काढ कागद. लिही. तुमची बायबलबाई एकोणपन्नास वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली, तिच्यासाठी प्रार्थना करा. मी तिची सून. खाली माझं नाव घाल."

नाव सांगताना ती क्षणभर अडली. त्या नावानं तिला हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं.

"उत्तर नाही आलं तर, आजी?"

"नाही तर नाही. आजवर तरी मला कुठं आलं होतं?"

त्यानं तेवढं लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "आणखी काही लिहू?"

"माझे गुडघे दुखतात, ते लिही. सासूबाईंच्या नावानं कसं लिहिणार? तिचे कधी दुखले नाहीत. आणि थोरल्याला नात झाली, तिला मी अजून पाहिलेलं नाही, तेही. रात्री झोप येत नाही, तेही."

तो लिहीत होता. कागद भरत आला तसा त्याचा हात थांबला.

"थांबलास का?" आजी म्हणाली. "पान उलट."