डबी कुणाची?

गावकऱ्यांनो, तुम्ही मला खोटी साक्ष द्यायला लावलीत. समोर आलं तेच मी आजवर दाखवलं. पण माझ्या डोळ्याखाली काय ठेवायचं, हे तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही भ्यालेले होतात.

मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. इथले लोक मला दुर्बीण म्हणतात, म्हणू देत. अंबाल्याच्या एका कारखान्यात मी जन्मलो. पितळेचं अंग, काचेचा डोळा आणि पायाशी उन्हाची तिरीप पकडायला एक आरसा. सुरुवातीची वर्षं नगरच्या एका कॉलेजात गेली. पोरं कांद्याचा पापुद्रा बघायला माझ्यावर वाकायची आणि न बघताच "दिसलं, सर!" म्हणून सरकायची. माणसाला न पाहता "दिसलं" म्हणायची किती घाई असते, ते मी तिथंच शिकलो. मग नवा सूक्ष्मदर्शक आला आणि मी कपाटात गेलो. अंधार, डांबरगोळ्यांचा वास, डोळ्यावर बुरशी.

मला बाहेर काढलं डॉ. प्रमिला कुकडे यांनी. पुण्याहून नुकत्याच शिकून आलेल्या. त्यांच्या संशोधनाचा एकच हट्ट : गावचा डॉक्टर छातीला नळी लावून रोग ओळखतो, तेव्हा तो किती वेळा बरोबर असतो आणि किती वेळा चुकतो? मला मांडीवर घेऊन त्या एस.टी.नं पाथर्डी तालुक्यात आल्या आणि मुथा डॉक्टरांच्या दवाखान्यात खिडकीशी मला मांडलं.

मुथा डॉक्टर हसले. "कुकडेबाई, मला नुसता खोकला ऐकला की कळतं. तुमच्या यंत्राला कान आहेत का?"

"नाहीत. म्हणूनच ते ऐकीव बोलत नाही."

दसरा जवळ आला होता. पाऊस नव्हताच, टोळ्या ऊसतोडीला लवकर निघणार होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको आजारी निघाली तर मुकादम नवऱ्यालाही घेत नाही. त्यातून क्षय म्हटला की बाईचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं आणि शेवटी माहेरची वाट. म्हणून सुई टोचून घ्यायला सगळे दंड पुढं येत, पण थुंकीची डबी दिली की हात मागं जात. सुई रोगाचं नाव घेत नाही. मी घेतो.

आज सकाळी गहिनीनाथ बायकोला, चांगुणाला, घेऊन आला. सोबत त्याची आई गोजरबाई. बाहेरच्या बाकावर गावातली रतनबाई आपली डबी देऊन आधीच बसलेली. चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडून वाळून गेली होती. मुथा डॉक्टरांनी नळी लावली नि मान हलवली. "टी.बी. वाटतो." गोजरबाईही खोकत होती, पण तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. म्हातारीचा दमा गावाला ठाऊक होता.

कुकडेबाईंनी चांगुणाच्या हाती डबी दिली. "लिंबाखाली जा. खोल खोकून छातीतलं यात टाक."

माझी खिडकी त्या लिंबावरच उघडते. गोजरबाईनं सुनेच्या हातून डबी ओढलेली मी पाहिली.

"आन हिकडं. तुझ्यात काय निघालं तर पोराचा कोयता मोडंल. मंग तुला तरी कोन ठिवंल?"

"आत्याबाई, बाईंनी मला सांगितलंय..."

"माझा दम्याचा खोकला. दम्यात काय घावतंय? गप ऱ्हा." आणि ती डबीत खोकली.

पितळेला घाम फुटत असता तर मी भिजलो असतो. आता काच स्वच्छ निघणार, बाई "काही नाही" म्हणणार आणि ही पोर रोग उरात घेऊन उसात जाणार. मला ओरडता येत नव्हतं.

काचेवर लाल रंग चढला, मग निळा. भिंगाला तेलाचा थेंब लागला. बाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. निळ्यात लाल काड्या, क्षयाचे जंतू. झुबकेच्या झुबके.

"टी.बी. आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"बघा! म्हणालो नव्हतो?" मुथा डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. त्यांचा कान आणि माझा डोळा जुळला होता. पण ते जुळणंच खोटं होतं!

गहिनीनाथचा चेहरा उतरला. "आये, हिला आजच माहेरी धाडतो. घरात लेकरं हायती."

चांगुणा सासूकडं बघत राहिली. आणि मी धास्तावलो, कारण गावाकडं लेकरं निजतात आजीच्याच कुशीत. आज म्हातारी गप्प बसली तर सून जाईल आणि रोग घरातच राहील. बोल, म्हातारे, बोल!

गोजरबाईनं पदर तोंडाशी धरला. दवाखान्यात तेवढा तिचाच खोकला ऐकू येत होता. मग तो थांबला.

"कानिफनाथाची आन. ती डबी माझी हाय. हिची न्हाई."

मुथा डॉक्टरांचा हात टेबलावरच राहिला. कुकडेबाईंनी दोन नव्या डब्या काढल्या. "मावशी, यावर औषध आहे, हे आधी ऐका. आता दोघींनीही माझ्यासमोर खोका."

चांगुणाची काच अजून वाळते आहे. तीत काय दिसेल, मला माहीत नाही. मीही भ्यालो आहे. तुम्हाला एवढंच विनवतो, मला भ्या, रागवा, पण माझ्यापुढं ज्याची त्याचीच डबी ठेवा.

तेवढ्यात बाकावरून रतनबाई उठली, दारात आली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, माझीबी डबी तेवढी माघारी द्या. ती आमच्या जाऊबाईची हाय."