विस्तवावर न पेटलेली

मी बारोलो बोलतेय. इटलीतल्या डोंगरउतारावरच्या द्राक्षांची तांबडी वाईन, बाटलीसकट. तरुणपणी मी फार तुरट; तोंडाला लावेल त्याची जीभच धरायची. माझ्या जातीला निवायला वर्षं लागतात. तेवढा दम म्हाताऱ्यांना नसतो, आणि उपदेश मात्र तेच करतात.

भिलाईला मी आले एका रशियन इंजिनिअरच्या पेटीतून. येताना त्याचं जहाज इटलीच्या बंदराला लागलं, तिथं त्यानं मला घेतलं. तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजून डांबर निघायच्या भट्टीवर, भंडाऱ्याकडचा मारोतराव त्याच्या हाताखाली होता. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण दोन वर्षं खुणांवर काम चाललं. परत जाताना इंजिनिअरनं मला मारोतरावाच्या हातात ठेवलं आणि त्याला मिठी मारली. तेव्हापासून मारोतराव कामगार वसाहतीतल्या अख्ख्या सेक्टर २ ला सांगायचा, "रशियन साहेबानं मले भाऊ समजून देल्ली."

भावाची भेट त्यानं खिडकीतल्या फळीवर मिरवायला ठेवली, भर उन्हात. मी नासलेच असते. वाचवलं त्याच्या बायकोनं, अन्नपूर्णेनं. पाहुण्यांना दारूची बाटली दिसते, या लाजेनं तिनं मला तांदळाच्या कोठीत आडवं पुरलं. अंधार, गारवा, बूच ओलं. सात वर्षं मी सुखानं पिकले.

१९६५ सालच्या एका रविवारी चुलीवर मटण शिजत होतं. गावाहून मारोतरावाचा बाप आला होता, देवराव. त्याला दाखवायला मारोतरावानं मला बाहेर काढलं. बूच काढलं पेचकसानं. अर्धं बाहेर आलं, अर्धं माझ्या पोटात पडलं.

देवराव जन्मभर मोहाची दारू पारखत आलेला. त्यांच्याकडची रीत अशी की दारू आधी विस्तवावर टाकायची. भडकली तर खरी, मग देवाला धार, मग माणसांनी घ्यायची. त्यानं पळीभर मला चुलीत ओतलं. मी भडकले नाही. निखारा चर्र करून विझला.

"लाल पाणी हाये," देवराव म्हणाला. "देवाले नाई चालत. तुह्या साहेबानं तुले भाऊ नाई, येडा समजलं, मारोत्या."

आयुष्यभर एकच कसोटी वापरलेला माणूस. तिच्यात जे बसलं नाही ते खोटं.

 सात वर्षं जपलेली ती मिठी मारोतरावाच्या तोंडावरून उतरताना मी पाहिली. तो मला उचलून मोरीकडे निघाला.

"थांबा जी," अन्नपूर्णा म्हणाली. "जाळून पाह्यली. चाखून कोणं पाह्यली?"

लहानपणी मोहफुलं वेचून आणि बापाच्या भट्टीपाशी बसून तिचं नाक तयार झालं होतं. तिनं काचेच्या पेल्यात घोटभर घेतलं, उजेडात धरलं. मी काठाला विटकरी झाले होते. सासऱ्याकडे पाठ करून तिनं घोट तोंडात घोळवला.

"आंधी जीभ धरते, कच्च्या जांभळावानी. मंग सोडते. वास सुकल्या गुलाबाचा हाये. अन् त्याच्या मांगून डांबराचा."

"डांबर माह्या कपड्याचं असंन," मारोतराव पुटपुटला.

"तुमचं मले पाठ हाये. हे निराळं." ती सासऱ्याकडे वळली. "मामाजी, मोहाची एकदम डोक्यात जाते. हे बसून बोलते. घोट गिळला तरी तिची गोष्ट सरत नाई."

"मोठी आली पारखी," देवराव म्हणाला, पण पेला घेतला. एक घोट. मटणाचा तुकडा. पुन्हा घोट. बराच वेळ तो जांभूळ चोखल्यासारखा तोंड हलवत बसला. मग दोन बोटं पेल्यात बुडवून त्यानं चुलीपुढच्या जमिनीवर चार थेंब शिंपडले.

"घे माय," तो धरतीला म्हणाला.

चुकलो असं तो म्हणाला नाही. ते त्या वयात येत नाही. पण मारोतरावानं हसत आपलाही पेला पुढं केला.

आता मी रिकामी आहे. माझ्यात अन्नपूर्णा जवसाचं तेल भरते, आणि मी मजेत आहे. जशी प्यायला हवी तशी मी पुरती प्यायली गेले. तुम्हाला इतकंच सांगते: घरात कुणी तुमच्या विस्तवावर पेटलं नाही, तर मोरीत ओतण्याआधी एक घोट घेऊन बघा. आणि लगेच गिळू नका.