वरच्या खोलीतला ‘आहे’

बाबांचा उभा जन्म कोल्ड स्टोरेजमध्ये गेला. सतत आत थंडीत, बाहेर उन्हात. छाती कामातून गेली, हृदय थकलं आणि सगळं खापर त्यांनी थंडीवर फोडलं. उन्हावर मात्र आंधळा विश्वास. पारा चढला तरी पत्र्याखालच्या खोलीत खिडकी लावून बसायचे.

"बाबा, खाली या. उष्म्यानं हृदयावर ताण येतो म्हणालेत डॉक्टर."

"थंडीनं गेलेली माणसं पाहिलीत मी. उबेनं कोण मरतं? तू तुझं शिवण बघ."

हट्टाला औषध नाही. शेवटी त्यांच्याच कामावरच्या रिवाजावर तडजोड झाली. आत गेलेल्याला बाहेरच्यानं अधूनमधून हाक मारायची. "आहे" असं उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर दार उघडून माणूस बाहेर काढायचा.

त्या दिवशी मी शिलाई मशीनवरूनच हाका मारत होते. "बाबा, आहात ना?" आधी खोकला, मग घरघर, मग "आहे." हळूहळू खोकला गेला. "आहे" अगदी खणखणीत यायला लागला, मी लहान असताना त्यांचा आवाज असायचा तसा. मला बरंच वाटलं.

बटणं लावायला आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "ऊन मानवलं गं त्यांना!"

"झालं! आता वर्षभर मला ऐकवतील."

ऊन कलल्यावर पाणी घेऊन वर गेले. बाबा खुर्चीत बसले होते. सकाळचा तांब्या भरलेलाच होता. त्यांची बोटं धरली, तर ती लाकडासारखी ताठ.

डॉक्टर आले. "हे सकाळीच गेलेत. उकाडा झेपला नाही हृदयाला."

"अहो, दुपारभर ओ देत होते!"

"असा भास होतो कधीकधी."

"मग मलाही झाला का?" काकू जिन्याखालून म्हणाल्या. त्या वर यायला तयार नव्हत्या.

मला बाबांचा संताप आला. असं कुणी फसवतं का पोटच्या पोरीला? मी तरातरा खाली उतरले आणि मशीनपाशी उभी राहून हाक मारली, "बाबा, आहात ना?"

काकूंनी माझा दंड घट्ट धरला. वर पत्रा तडतडला. मी पुन्हा हाक मारली.

उत्तर आलं नाही. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. मग आम्ही तिघांनी मिळून बाबांना खाली गारव्यात आणलं.