लहानपणचा पाय

मित्रांनो, पळसदरीच्या एका पडवीत, जुन्या चादरीखाली मी उभी असते. मी एक जुनी मशीन आहे, आणि माझा जन्म कारखान्यातला नव्हे, घरातला. रत्नदीप साजगावच्या एका कारखान्यात कामाला जातो. त्याने भंगारातून लोखंडी पट्ट्या आणि मोटारी आणल्या अन् दर रविवारी थोडंथोडं करून मला जोडलं. कंप्युटरने सांगावं आणि मी लाकूड कोरावं. डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली, एवढंच मला हलता येई. पण दारावरच्या नावाच्या पाट्या मी अशा कोरायचे, की लोक अक्षरांवरून बोट फिरवून बघत.

रत्नदीपच्या मुलीचं, अक्षदाचं, एक पाऊल जन्मापासून आत वळलेलं. प्लास्टर घालून ते सरळ केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "हाडं कोवळी आहेत तोवर आधाराचा बूट रोज हवा. नाहीतर पाय परत वळेल." तयार बूट टाचेला चावायचा. म्हणून ठरलं, तिच्या पायासारखा लाकडी साचा मी कोरायचा आणि त्यावर कर्जतच्या कारागिराने बूट शिवायचा.

मला एका वेळी एकच बाजू कोरता येई. साच्याचे दोन अर्धे करून चिकटवले, तर सांध्याची कड बुटात उतरली. अक्षदाच्या टाचेला फोड आला.

"आपण मुंबईहूनच करून आणू," तिची आई उज्वला म्हणाली.

"थांब गं. या मशीनला कलणारं, फिरणारं टेबल लावतो. अख्खा पाय एका दमात निघेल. मग सांधाच नाय," रत्नदीप म्हणाला.

खरं सांगते, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

नवं टेबल लागलं. कधी पट्टा सरके, कधी टेबल केसभर जास्त कले आणि माझं कटर टाचेतच घुसे. मग पुढचा रविवार. शेजारचे रामभाऊ जाता-येता विचारत, "काय रं, बूट करतोस का विमान?" रत्नदीप हसे. उज्वला हसत नसे. चावणारा बूट अर्धा दिवस खुंटीवरच राही. दर महिन्याला ती कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर अक्षदाला उभी करी, पावलाभोवती पेन्सिल फिरवी आणि ते पान माझ्याजवळच्या खिळ्याला अडकवी.

"अहो, माप परत घ्या. पाय वाढलाय तिचा."

"आधी ही मशीन नीट होऊ दे. मधेच माप बदललं, तर चूक कुठं होते ते कळायचं नाय."

दीड वर्ष गेलं. एका रविवारी दुपारी अख्खा पाय निघाला. गोल टाच, पाच बोटं, कुठेही सांधा नाही. रत्नदीप कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत होता.

बूट शिवून आला. अक्षदा उंबऱ्यावर बसली. पाय आत जाईना.

"जाईल पप्पा," ती म्हणाली. "मी बोटं दुमडते ना."

उज्वलाने खिळ्यावरची पानं काढली आणि रत्नदीपच्या हातात दिली.

पुढच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, पाय पुन्हा वळलाय, आता ऑपरेशन करावं लागेल. त्या संध्याकाळी रत्नदीपने मला झाकलं. तेव्हापासून बटण दाबलेलं नाही.

अक्षदा कधी कधी चादर उचलते. टेबलावर तो लाकडी पाय अजून आहे. त्याच्याशेजारी ती आपलं पट्टी बांधलेलं पाऊल धरते आणि मैत्रिणीला सांगते, "हा माझा लहानपणचा पाय."

मित्रांनो, रत्नदीपने मला तिरकं वळायला शिकवलं, पण पाठीमागे दारात उभी असलेली मुलगी मला दिसत नव्हती. त्याने मान वळवली असती, तर त्याला दिसली असती. तुमच्या घरात कोणी तुमच्यासाठी काही घडवत बसलं असेल, तर लांबून बघू नका. मधे जाऊन उभे राहा. काम कितीही रंगात आलेलं असो, म्हणा, "आधी माझा पाय मोजा."